कागद हजर करण्याच्या हुकुमावर दाद कुठे आणि कशी मागायची

समोरच्याकडचे कागद मागण्याचा अर्ज नामंजूर झाला की नवा वकील पक्षकाराला लगेच सांगून टाकतो, "हायकोर्टात जाऊ." आणि संभाजीनगरच्या एखाद्या सीनियरचा नंबर शोधायला लागतो. एवढी घाई नको. डिस्कव्हरीच्या, म्हणजे समोरच्याकडची माहिती आणि कागद उघड करून घेण्याच्या, हुकुमावर दाद मागायला वरच्या कोर्टाची दारं थोडीच आहेत. त्यांतून आत गेलात तरी तिथे तपासलं जातं ते तुम्ही खालच्या कोर्टात काय लिहिलं होतं तेच. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या बारमध्ये नुकत्याच आलेल्या वकिलांनी, आणि आपला दावा समजून घेऊ पाहणाऱ्या पक्षकारांनीही, कोणत्या क्रमाने विचार करावा ते इथे मांडतो.

एक कल्पित उदाहरण धरून चालू. चोपडा तालुक्यातल्या शेतकऱ्याने केळीची बाग व्यापाऱ्याला दिली. महिनाभर कटाई चालली, गाड्या भरून गेल्या, पैसे मात्र निम्मेच आले. शेतकऱ्याकडे दोन-चार काटापावत्या आहेत, बाकीचा सगळा हिशेब व्यापाऱ्याच्या दुकानात. वकिलाने पुरावा मागितला की शेतकऱ्याचं एकच उत्तर असतं, "आमना हिसाब त्यानी वहीम्हा शे, भाऊ." वसुलीचा दावा लागला. कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, व्यापारी म्हणतो, माल कमी भरला आणि राहिलेले पैसे रोखीने दिले, तशी नोंद आमच्या वहीत आहे. कागदांच्या यादीत मात्र ती वही नाही.

हुकूम नेमका कोणत्या रूलखालचा आहे?

बारमध्ये सगळे 'ऑर्डर ११' एवढंच म्हणतात, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या या ऑर्डरमध्ये (इथे ऑर्डर म्हणजे हुकूम नव्हे, नियमांचं प्रकरण) वेगवेगळी कामं आहेत आणि पुढची दाद त्यावरच ठरते. रूल १ मध्ये प्रश्नावली आहे, म्हणजे समोरच्याने शपथेवर उत्तरं द्यायची. रूल १२ म्हणजे 'वादाशी संबंधित कोणते कागद तुझ्या ताब्यात किंवा हाताखाली आहेत ते शपथेवर सांग.' रूल १४ म्हणजे 'अमुक कागद कोर्टात आण.' रूल १५ ते १८ मध्ये वादपत्रात, कैफियतीत किंवा शपथपत्रात उल्लेख केलेला कागद पाहू देण्याची आणि त्याची नक्कल घेऊ देण्याची सोय आहे. आणि रूल २१ म्हणजे हुकूम मोडल्याची शिक्षा: वादीचा दावा फेटाळला जातो, प्रतिवादीचा बचाव काढून टाकला जातो.

आपल्याकडे बहुतेक अर्जांवर 'रूल १४ प्रमाणे' असा मथळा असतो आणि विनंतीत मात्र सगळंच मागितलेलं असतं. मग कोर्ट एका ओळीत लिहितं की कागदांचा तपशील नाही, अर्ज नामंजूर. केळीच्या दाव्यात खरं तर तीन वेगळी पावलं हवीत. कैफियतीत वहीचा उल्लेख आहेच, तेव्हा आधी रूल १५ ची नोटीस द्या. ती झुगारली तर रूल १८ खाली तपासणीचा हुकूम मागा. आणखी काय दडवलंय हे कळत नसेल तर रूल १२ आहे. रूल १५ चा एक फायदा नवखे विसरतात. नोटीस मिळूनही जो कागद दाखवत नाही, त्याला तोच कागद पुढे स्वतःच्या बाजूने पुराव्यात आणता येत नाही, सबळ कारण देऊन कोर्टाची खात्री पटवली तरच येतो. व्यापारी वही दाखवत नसेल तर 'रोखीने दिले' ही त्याचीच नोंद त्याच्याच हातून निसटते.

चालू धंद्याच्या वह्या रोज वापरात असतात, म्हणून रूल १७ प्रमाणे त्या नेहमीच्या जागीच पाहायच्या असतात. म्हणजे तुम्ही पक्षकाराला घेऊन व्यापाऱ्याच्या दुकानात बसायचं, मुनीम वही उघडणार, तुम्ही पानं पाहणार. तारखेवर वही टेबलावर आपटली जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. मूळ वहीऐवजी नोंदींची शपथेवरची प्रत देण्याची मुभा कोर्ट रूल १९ खाली देऊ शकतं. त्या शपथपत्रात खाडाखोड, वर लिहिलेलं किंवा बदललेलं काही आहे का, हेही सांगावं लागतं. तेवढा भाग नीट वाचा. पुष्कळदा अख्खा दावा तिथेच उलगडतो.

रूल १२ चा हुकूम झाला की समोरच्याने द्यायच्या शपथपत्राचा नमुना परिशिष्ट 'क' मध्ये पाचव्या क्रमांकावर दिलेला आहे. कोणते कागद दाखवायला हरकत नाही, कोणत्यांना आहे आणि का, कोणते पूर्वी होते पण आता नाहीत आणि ते शेवटी कोणाकडे गेले, असे त्याचे भाग आहेत. 'आमच्याकडे काही नाही' असा एका ओळीचा कागद आला तर तो हुकुमाचं पालन नव्हे. नमुना दाखवून लगेच हरकत घ्या. ती रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत, आली पाहिजे.

नामंजुरीचं कारण काय?

हुकूम ई-कोर्टच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतो, पण नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, अर्जच उशिरा केला तर आधीचे दिवस मात्र गेले ते गेले. अर्ज, त्यावरचा समोरच्याचा से (लेखी म्हणणं), हुकूम आणि रोजनामा, सगळ्याच्या नकला घ्या.

मग कारण शोधा. 'या टप्प्यावर गरज नाही' असं म्हटलं असेल तर तुम्ही हरलेले नाही. रूल १२ मध्येच कोर्टाला अर्ज पुढे ढकलण्याची मुभा आहे, आणि रूल २० प्रमाणे आधी एखादा मुद्दा ठरवून डिस्कव्हरी नंतर पाहता येते. कोर्टाने वादाचे मुद्दे काढून झाल्यावर किंवा सरतपासाच्या (साक्षीदाराच्या मूळ जबानीच्या) शपथपत्रात वहीचा उल्लेख आल्यावर नवा अर्ज करा आणि आता काय बदललं ते पहिल्याच परिच्छेदात लिहा. काहीही बदललेलं नसताना तोच अर्ज पुन्हा टाकला तर कॉस्ट (खर्चाचा भुर्दंड) बसते, आणि ती बसायलाच हवी.

'नुसती चाचपणी चालली आहे' असं कारण असेल तर आधी आपलाच अर्ज वाचा. 'गेल्या दहा वर्षांच्या सर्व वह्या, सर्व बँकखाती, सर्व बिलं' असं मागितलं असेल तर कोर्टाचं बरोबर आहे. हंगाम कोणता, गाड्या कोणत्या तारखांना भरल्या, कोणत्या खात्याची पानं हवीत आणि त्यांतून कोणता मुद्दा सिद्ध होणार, हे लिहिलेला अर्ज सहसा असा उडत नाही. सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखताची नोंद असे सरकारी कागदही समोरच्याकडून मागू नका. ते तुम्हाला स्वतःलाच मिळतात, आणि कोर्ट नेमकं तेच सांगतं. व्यापाऱ्याचं बँकखातं हवं असेल आणि बँक दाव्यात पक्षकार नसेल, तर १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याप्रमाणे कोर्टाचा खास हुकूम लागतो. तो अर्ज वेगळा करावा.

'हा कागद पुराव्यात ग्राह्य नाही, म्हणून दाखवण्याचा हुकूम देता येत नाही' असं कारण असेल तर ते चूक आहे, आणि बोट ठेवायला इथे जागा आहे. एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की डिस्कव्हरीसाठी कागद ग्राह्यच असला पाहिजे असं नाही, वादाच्या मुद्द्यावर प्रकाश पडण्याची शक्यता असली तरी पुरे. पण त्याच निकालाची दुसरी बाजूही वाचा. खालच्या कोर्टाने दिलेला डिस्कव्हरीचा हुकूम उच्च न्यायालयाने रिव्हिजनमध्ये (खालच्या कोर्टाने अधिकार नीट वापरला का, या तपासणीत) फिरवला होता, आणि नुसत्या चुकीसाठी असा हात घालता येत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचाच हुकूम रद्द केला. जो निकाल तुम्ही आनंदाने दाखवणार, तोच समोरचा तुमच्याविरुद्ध वाचून दाखवणार.

गोपनीयतेची हरकत मान्य झाली असेल, म्हणजे वकील-पक्षकारातला सल्ला वगैरे, तर एकच गोष्ट पाहा: कोर्टाने तो कागद स्वतः पाहिला का? हरकत खरी आहे की नाही हे ठरवण्यासाठी कागद स्वतः पाहण्याचा अधिकार रूल १९ मध्ये कोर्टाला दिला आहे. तशी विनंती तुम्ही केलीच नसेल तर वर जाऊन तक्रार करण्यात अर्थ नाही.

दारं कोणती उघडी, कोणती बंद

अपील. ऑर्डर ४३ रूल १ च्या (फ) खंडाप्रमाणे ऑर्डर ११ मधल्या फक्त रूल २१ च्या हुकुमावर अपील होतं. दावा फेटाळला किंवा बचाव काढून टाकला तरच. कागद दाखवा किंवा दाखवू नका, प्रश्नावली मंजूर किंवा नामंजूर, यांवर अपील नाही. कनिष्ठ स्तराच्या कोर्टाचा रूल २१ चा हुकूम असेल तर अपील जिल्हा न्यायालयात जातं आणि मुदत ३० दिवसांची असते. अपील उच्च न्यायालयात जाणार असेल तर ९० दिवस. पहिल्या अपिलानंतर दुसरं अपील नाही.

रूल २१ चा हुकूम तुमच्याविरुद्ध झाला असेल तर घाबरून जाऊ नका, पण एक दिवसही घालवू नका. १९७८ च्या बब्बर सुइंग मशीनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की बचाव काढून टाकणं ही कडक शिक्षा आहे, जाणूनबुजून हट्टाने हुकूम मोडला असेल तरच ती द्यावी. आधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधीही द्यावी लागते. दुकान हललं, मुनीम आजारी होता, वही आयकरच्या कामासाठी दुसऱ्याकडे होती, अशी कारणं वेळेत शपथेवर आली असतील तर अपिलात जीव असतो. वादीने मात्र जास्त जपावं, कारण रूल २१ खाली दावा गेला की त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही.

रिव्हिजन. संहितेच्या कलम ११५ चं दार १ जुलै २००२ पासून जवळजवळ बंद आहे. तो हुकूम तुमच्या बाजूने झाला असता तर दावाच निकाली निघाला असता, अशीच स्थिती असली तर रिव्हिजन चालते. वही दाखवण्याचा हुकूम झाला काय आणि न झाला काय, दावा संपत नाही. तरी कलम ११५ चे अर्ज अजून टाकले जातात, आणि पहिल्याच तारखेला परत येतात.

रिव्ह्यू, म्हणजे हुकुमाचा फेरविचार. त्याच कोर्टापुढे, ३० दिवसांत. हुकुमात डोळ्यांना दिसणारी चूक हवी, किंवा आधी कितीही प्रयत्न केले तरी हाती न आलेला नवा पुरावा. कोर्टाने कैफियतीतला वहीचा उल्लेख वाचलाच नाही आणि 'वहीचा उल्लेख नाही' असं लिहिलं, तर रिव्ह्यू शोभतो. 'कोर्टाने कायदा चुकीचा लावला' एवढ्यावर तो टिकत नाही.

राहता राहिलं संविधानाचं कलम २२७, म्हणजे खालच्या कोर्टांवर देखरेख ठेवण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार. खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ही याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जाते. जळगावकर अजिंठा-सिल्लोडवरून, धुळे-चाळीसगावचे कन्नड घाटाने. पक्षकाराला हे आधीच सांगा, कारण एका तारखेला त्याचा अख्खा दिवस मोडतो. मथळ्यात २२६ (रिटचा अधिकार) आणि २२७ दोन्ही लिहिण्याची जुनी सवय सोडा. २००३ च्या सूर्यदेव राय निकालाने दिवाणी कोर्टाच्या हुकुमांवर २२६ खालीही दाद मिळू शकते असं म्हटलं होतं. २०१५ मध्ये राधेश्याम विरुद्ध छबीनाथ या निकालात तीन न्यायमूर्तींनी तो भाग रद्द ठरवला. आता २२७ एवढंच.

आणि २२७ म्हणजे अपील नव्हे. मुंबई उच्च न्यायालयातूनच वर गेलेल्या शालिनी श्याम शेट्टी प्रकरणात, २०१० साली, सर्वोच्च न्यायालयाने हे बजावून सांगितलं. खालच्या कोर्टाने अधिकाराबाहेर जाऊन काही केलं, असलेला अधिकार वापरायचंच नाकारलं, किंवा कोणताही समंजस माणूस देणार नाही असा हुकूम दिला, तर उच्च न्यायालय हात घालतं. दोन मतं होऊ शकतात आणि न्यायाधीशांनी दुसरं मत धरलं, एवढ्यावर याचिका टिकत नाही. मला विचाराल तर डिस्कव्हरीत २२७ बहुतेक दोनच जागी खरोखर उपयोगी पडतं: हुकुमात कारणच दिलेलं नसेल तेव्हा, आणि एकदा कागद उघड झाल्यावर नुकसान परत भरून येणार नसेल तेव्हा. दुसरी जागा अर्थातच कागद दाखवणाऱ्या पक्षाची. ज्याला कागद मिळाला नाही त्याच्यापुढे नंतरचे रस्ते असतात. ज्याचं गुपित बाहेर पडलं ते पुन्हा आत जात नाही.

याचिका करायचीच ठरली तर

२२७ ला ठरावीक मुदत नाही, पण उशिराचं कारण विचारलं जातंच, आणि सहा महिन्यांनी 'तातडी' सांगणाऱ्याकडे न्यायमूर्ती ज्या नजरेने बघतात ती पाहण्यासारखी असते. याचिका इंग्रजीत असते. तिला वादपत्र, कैफियत, अर्ज, से, निघालेले मुद्दे, हुकुमाची प्रमाणित नक्कल आणि तारखांची सरळ यादी जोडा. मराठी कागदांचं भाषांतर लागेल का, ते तिथल्या वकिलांना आधी विचारा, नाहीतर कार्यालयीन हरकतींतच महिना जातो. अर्जात न घेतलेला मुद्दा याचिकेत पहिल्यांदा आणू नका.

याचिका किंवा अपील दाखल झालं म्हणून खालचा हुकूम थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती मिळेपर्यंत खालची तारीख चालूच असते. कागद दाखवण्याचा हुकूम तुमच्यावर असेल तर मुदत संपायच्या आत खालच्या कोर्टात मुदतवाढीचा अर्ज द्या, त्यात याचिकेचा क्रमांक लिहा. मुदत अशीच उलटू दिली की समोरचा रूल २१ चा अर्ज घेऊन उभा राहतो, आणि मग 'जाणूनबुजून' हा शब्द तुम्हाला चिकटवणं त्याला सोपं जातं.

व्यापारी दावे वेगळे

जिनिंगच्या भागीदारीचा वाद, व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमधली माल-पैशाची देणीघेणी असे दावे तीन लाख किंवा त्याहून जास्त मूल्याचे असले की २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्यात जातात. तिथली ऑर्डर ११ निराळी आहे. समोरच्याने मागण्याची वाट न पाहता सगळे संबंधित कागद, स्वतःच्या विरुद्ध जाणारेसुद्धा, वादपत्राबरोबर किंवा कैफियतीबरोबर शपथेवर उघड करायचे. राहून गेलेला कागद नंतर आणायचा तर सबळ कारण द्यावं लागतं. सुधीरकुमार विरुद्ध विनयकुमार या २०२१ च्या निकालात हे नीट सांगितलं आहे. या कायद्याच्या कलम ८ ने मधल्या हुकुमांवरची रिव्हिजन सरळ बंद केली आहे, तक्रार डिक्रीवरच्या (दाव्याच्या अंतिम निकालावरच्या) अपिलातच करायची. २२७ संविधानाचं असल्याने शिल्लक राहतं, पण कोर्ट इथे आणखी आखडता हात घेतं.

वर न जाता

केळीच्या दाव्यात अर्ज नामंजूर झाला तर मी पक्षकाराला बहुधा हाच रस्ता सांगेन. पैसे आणि वर्ष दोन्ही वाचतात.

पहिल्यांदा कागद हजर करण्याची रीतसर नोटीस द्या, वहीचं वर्ष आणि खात्याचं नाव लिहून. नोटिशीनंतरही मूळ आलं नाही तर दुय्यम पुरावा, म्हणजे मुळाची नक्कल वगैरे, देता येतो. मुनीमाने हंगामात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये असतो, आणि तो आहे हे शेतकऱ्यालाच आठवत नसतं. विचारा. मोबाइल जपून ठेवायला सांगा, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्याच्या दोन्ही भागांसह तयार करा.

मग उलटतपास. व्यापाऱ्याला एकेक प्रश्न विचारा: वही ठेवता का, रोज लिहिता का, या हंगामाची आज कुठे आहे, नोटीस मिळाली का, का आणली नाही? उत्तरं शब्दशः लिहून घेतली जातील असं बघा. हाजी मलंगच्या वादातून आलेल्या गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध महंमद हाजी लतीफ या १९६८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की उत्तम पुरावा हातात असून जो पक्ष तो दडवतो, त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येतं, सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर नसला तरी. न दाखवलेली वही कधी कधी दाखवलेल्या वहीपेक्षा जास्त उपयोगी ठरते. त्यात लिहिलंय ते आपल्या विरुद्धही असू शकलं असतं.

एवढं करूनही दावा हरलात तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १०५ आहे. मधल्या हुकुमावर अपील केलं नव्हतं म्हणून तो मुद्दा बुडत नाही. डिक्रीवरच्या अपिलात त्या हुकुमातली चूक आधार म्हणून घेता येते, फक्त त्या चुकीचा निकालावर परिणाम झाला हे दाखवावं लागतं. म्हणून अपिलाच्या मेमोत 'निशाणी (कोर्टाने अर्जाला दिलेला क्रमांक) अमुकवरील हुकूम चुकीचा' एवढंच लिहून थांबू नका. त्या वहीतून कोणती गाडी, कोणतं वजन, कोणती रक्कम सिद्ध झाली असती, आणि निकालपत्राच्या कोणत्या परिच्छेदात त्या पुराव्याअभावी तुमच्याविरुद्ध निष्कर्ष निघाला, ते क्रमांकासह लिहा. आणि वही किंवा तिचा उतारा तोपर्यंत हाती आला असेल तर ऑर्डर ४१ रूल २७ चा, म्हणजे अपिलात जादा पुरावा घेण्याचा, अर्ज अपिलाबरोबरच जोडा.